‘आपलं संभाजीनगर झालं काश्मीर!’ : त्या पांढऱ्या फोटोत नेमकं काय असतं आणि तो कसा काढावा?

उन्हाळ्याच्या तोंडावर एखाद्या दुपारी आभाळ काळं होतं. वारा सुटतो, पत्र्यांवर ताशा वाजल्यासारखा आवाज येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत अंगण, गच्ची, रस्ता पांढरा दिसू लागतो. पुढच्या पाच मिनिटांत व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतात. खाली एकच ओळ असते, ‘आपलं संभाजीनगर झालं काश्मीर!’

फोटो सुंदर असतो, त्यामुळे आपण तो पुढे पाठवतो. पण तो कुठला, कधीचा आणि नेमका कशाचा आहे, हे बहुतेक वेळा कुणीच लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत त्यात दोन वर्षांपूर्वीचा फोटो मिसळतो, रात्री एखादा शिमल्याचा आणि सकाळी एआयने बनवलेला. त्याच वेळी वैजापूर किंवा कन्नडच्या एखाद्या शेतात, ज्या फोटोची खरी गरज असते, तो काढायचा राहून गेलेला असतो.

म्हणून हे सगळं एकदा नीट समजून घेऊया. हे पांढरं म्हणजे काय? ते बर्फ का नाही? आणि तुमच्या हातात फोन असेल तर या फोटोचा खरा उपयोग कसा होईल?

पांढरं दिसतं ते सगळं ‘बर्फ’ नसतं

आपल्या राज्यात ‘बर्फ पडला’ अशा पोस्ट मुख्यतः दोन प्रसंगी येतात.

पहिला प्रसंग थंडीतला. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे गाड्यांच्या टपावर, गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. सातपुड्यात तोरणमाळच्या बाजूलाही कडाक्याच्या थंडीत असं होतं. हा थर वरून पडलेला नसतो. जमिनीलगतची हवा शून्याच्या आसपास थंड झाली की दव तिथल्या तिथे गोठतं. ऊन आलं की ते गायब होतं.

दुसरा प्रसंग गारपिटीचा. छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाड्यातले ‘काश्मीर’वाले फोटो जवळजवळ सगळे याच प्रकारात मोडतात. गार म्हणजे उंच ढगात तयार झालेला बर्फाचा घट्ट गोळा.

खरी बर्फवृष्टी ही तिसरी गोष्ट. ढगात पाण्याची वाफ थेट गोठून नाजूक स्फटिक तयार होतात, ते एकमेकांना चिकटतात आणि पिसासारखे अलगद खाली येतात. ही आपल्याकडे होत नाही.

संभाजीनगरात बर्फवृष्टी का होत नाही?

‘आपल्याकडे उकडतं म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. कारण बर्फ आपल्या डोक्यावरही असतो, फक्त फार उंचावर.

हवेत जसजसं वर जावं, तसं तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंशांनी कमी होतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या भागात शून्य अंश तापमान साधारण ४ ते ५ किलोमीटर उंचीवर असतं. त्याच्या वर ढगात हिमकण असतातच. पण हिमकण सेकंदाला एक-दोन मीटर इतक्या संथ गतीने पडतो आणि त्याचं वजन जवळजवळ नसतंच. शून्याची पातळी ओलांडून तो खालच्या उबदार हवेत आला की काही शे मीटरमध्येच वितळतो. आपल्यापर्यंत त्याचा फक्त पावसाचा थेंब पोहोचतो.

गारेचं उलट आहे. ती घट्ट असते, जड असते आणि वेगाने पडते. वितळायला वेळ मिळण्याआधीच ती जमिनीवर आदळते. म्हणूनच ३५ अंशांच्या दुपारीसुद्धा आकाशातून बर्फ पडू शकतो, पण तो गारेच्याच रूपात.

गार तयार कशी होते?

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आपल्याकडे जमीन चांगली तापू लागते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट हवा आत आली आणि वरच्या थरात पश्चिमेकडून थंड, कोरडी हवा आली, तर वातावरण अस्थिर होतं. खालची गरम, दमट हवा जोरात वर उसळते आणि दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून उंच ढग उभे राहतात.

या ढगात शून्याच्या खाली तापमान असूनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. एखादा बर्फाचा कण त्यांच्यात सापडला की थेंब त्याच्यावर आदळून गोठत जातात. वर जाणारा वारा त्याला पेलून धरतो तोवर गार वाढत राहते. वजन वाऱ्याला पेलेनासं झालं की ती खाली येते.

मोठी गार मधोमध कापली तर आत कांद्यासारखे थर दिसतात, काही दुधाळ तर काही काचेसारखे. थेंब झटकन गोठला तर हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधाळ होतो. सावकाश गोठला तर बुडबुडे निसटतात आणि थर पारदर्शक होतो. ‘जितके थर, तितक्या वेळा गार वर-खाली झाली’ असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं, पण ते तसं सरळ नाही. ढगाच्या ज्या भागातून गार गेली तिथे पाणी किती होतं आणि ते किती वेगाने गोठलं, यावर थर ठरतात.

फोटो पाहून ओळखा : बर्फ की गारा?

कुणी ‘संभाजीनगरात बर्फ’ म्हणून फोटो पाठवला, तर चार गोष्टी बघा.

पहिली, झाडाच्या फांद्या. बर्फ फांदीवर, तारेवर, कुंपणाच्या टोकावर अलगद बसतो. गार तिथे टिकत नाही, आपटून खाली पडते. फांद्यांवर पांढऱ्या गाद्या दिसत असतील, तर ती गारपीट नाही आणि तो फोटो आपल्या शहराचाही नाही.

दुसरी, पानं. गारपिटीनंतर जमिनीवर पांढऱ्याबरोबर हिरवंही दिसतं. फाटलेली, गळालेली पानं, तुटलेले डहाळे, कैऱ्या. बर्फवृष्टीत असा पाचोळा सहसा नसतो.

तिसरी, थर कुठे साचलाय. गारा घरंगळतात. म्हणून त्या गटारात, भिंतीच्या कडेला, पन्हाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी ढिगाने सापडतात आणि मोकळ्या जागेत विरळ असतात. बर्फ सपाट जागेवर सगळीकडे सारखा पसरतो.

चौथी, आजूबाजूच्या खुणा. गाडीवर एमएच २० आहे का? पाट्या कोणत्या लिपीत आहेत? मागे कडुनिंब आणि गुलमोहर आहेत की देवदार?

एक गंमत लक्षात ठेवा. गारांचा थर पडल्यावर वरची दमट हवा अचानक थंड होते आणि जमिनीलगत धुकं तयार होतं. पांढरी जमीन, वर धुकं, त्यात अंधूक झाडं असं दृश्य खरंच डोंगरातलं वाटतं. त्यामुळे धुकं दिसलं म्हणून फोटो खोटा ठरवू नका.

काश्मीरमध्येही प्रत्येक बर्फ आनंदाचा नसतो

आपण ज्या काश्मीरशी तुलना करतो, तिथला अनुभव इथे कामाचा आहे. काश्मीर खोऱ्यात खरा हिवाळा डिसेंबरच्या शेवटी सुरू होतो. पण नोव्हेंबर २०१८ च्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात तिथे मोठी बर्फवृष्टी झाली. देशभर सुंदर फोटो फिरले. सफरचंदाच्या बागांमध्ये मात्र फांद्या मोडल्या, काही झाडं बुंध्यापासून उभी फाटली.

बर्फ तर तिथे दरवर्षी पडतो, मग नुकसान का? कारण तो वेळेआधी पडला. झाडांवर पानं होती, काही ठिकाणी फळंही होती. पानगळ झालेल्या झाडावरून बर्फ खाली सरकतो, पण पानांनी भरलेल्या झाडावर तो साचतो आणि त्या वजनाने फांदी मोडते.

आपल्या गारपिटीचंही तसंच आहे. गारा किती पडल्या यासोबत त्या कधी पडल्या, हेही महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. ऐन थंडीच्या सुरुवातीला, द्राक्षबागा घडांवर येत असताना. निफाडच्या बागांमध्ये वर्षभराची मेहनत काही मिनिटांत जमिनीवर आली.

आणि २०१४ तर मराठवाडा विसरलेला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना तिचा फटका बसला आणि त्यात तेव्हाचा औरंगाबाद जिल्हाही होता. गहू, हरभरा, रब्बी ज्वारी काढणीला आली होती. कांदा, द्राक्षं, डाळिंब, मोसंबी, आंबा यांचं मोठं नुकसान झालं. पांढऱ्या शेतांचे फोटो तेव्हाही फिरले होते. त्या प्रत्येक पांढऱ्या फोटोच्या खाली एक उभं पीक होतं.

आधी जीव, मग फोटो

गार म्हणजे गंमत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार, गारपिटीत सर्वाधिक बळी गेल्याची घटना आपल्याच देशातली आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादजवळ २४६ माणसं मृत्युमुखी पडली.

साधा हिशोब करा. ४ सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे लिंबाएवढी गार साधारण ३० ग्रॅमची असते आणि ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने पडू शकते. ती डोक्यावर किंवा वर धरलेल्या फोनवर पडली तर काय होईल, हे सांगायला नको.

शिवाय गारांचा ढग हा विजांचाही ढग असतो. म्हणून गारा पडत असताना फोटो खिडकीच्या किंवा दाराच्या आतूनच काढा आणि काचेपासून थोडं लांब उभे राहा. गच्चीवर जाऊ नका, झाडाखाली थांबू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं जाऊ द्या, मग बाहेर पडा. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. ते फोनमध्ये असू द्या.

अर्ध्या तासात गारा वितळतील ना? काही वितळतील, पण सावलीतले ढीग टिकतात. आणि खिडकीतून हात लांब न करता मिळतील त्या चार-पाच गारा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या, तर निवांत मोजता येतात आणि त्यांचा फोटोही नीट काढता येतो.

पांढऱ्या गारा फोटोत करड्या का दिसतात?

ही तक्रार बर्फात फिरायला गेलेले सगळेच करतात. डोळ्यांना लख्ख पांढरं दिसतं आणि फोटोत मळकट. दोष फोनचा नाही, त्याच्या अंदाजाचा आहे. कॅमेरा असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम उजेडाचं असतं. सगळंच पांढरं समोर आलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला आणि तो फोटो काळपट करतो.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर गारांच्या जागी बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते. ती थोडी वर सरकवा. गारा पांढऱ्या दिसू लागल्या की थांबा. फार वर नेलंत तर गारांचा आकार पुसला जाऊन नुसता पांढरा डाग उरेल.

फ्लॅश बंद ठेवा. ओल्या गारांवरून उजेड परावर्तित होतो आणि हवेतल्या थेंबांचे पांढरे ठिपके फोटोत येतात. फिल्टर तर नकोच. निळसर फिल्टर लावला की गारपीट ‘काश्मीर’ दिसू लागते आणि फोटोवरचा विश्वासही तिथेच संपतो.

‘लिंबाएवढी’ म्हणजे केवढी?

आपल्याकडे गारांची मापं ठरलेली आहेत : हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. ऐकायला छान, पण लिंबू छोटंही असतं आणि मोठंही. नुसत्या गारेच्या फोटोवरून तर काहीच कळत नाही. जवळून काढला की हरभराही चेंडूएवढा दिसतो.

म्हणून गारेशेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फोन बरोबर वरून, सरळ धरा. तिरका धरला तर पुढची वस्तू मोठी आणि मागची छोटी दिसते. फूटपट्टी असेल तर उत्तमच. तळहातावर गार ठेवून फोटो काढू नका. हाताचा आकार प्रत्येकाचा वेगळा आणि उबेने गारही लगेच लहान होते.

सगळ्यात मोठी गार शोधून तिचाच फोटो टाकायचा मोह होतो. तो टाका, पण सोबत पाच-दहा गारांचा एकत्र फोटोही ठेवा. खरी परिस्थिती त्यातून कळते.

बर्फाच्या फोटोंचा इतिहासही अशाच चिकाटीचा आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला. आयुष्यभरात त्याने असे पाच हजारांहून अधिक फोटो काढले. हिमकणांच्या आकारांचा अभ्यास करणाऱ्यांना ते पुढे उपयोगी पडले. घरच्या कामातून वेळ काढून, एका साध्या माणसाने केलेली ही नोंद होती.

शेतातला फोटो : एक नाही, तीन काढा

तुम्ही शेतकरी असाल किंवा गावाकडे कुणाचं शेत असेल, तर हा भाग नीट वाचा.

पहिला फोटो लांबून. त्यात पूर्ण शेत आणि कायमची एखादी खूण यायला हवी : विहीर, विजेचा खांब, बांधावरचं झाड, मंदिराचा कळस. हे शेत कुठलं, ते यातून कळतं.

दुसरा फोटो मध्यम अंतरावरून. पिकाच्या चार-पाच ओळी दिसू द्या. किती भाग आडवा झालाय, ते यातून कळतं.

तिसरा फोटो जवळून. फुटलेला दाणा, चिरलेला घड, मार बसलेली साल. शेजारी नाणं. दोन-तीन दिवसांनी याच जागी पुन्हा फोटो काढा, कारण गारेचा मार फळांवर आणि सालीवर नंतर काळा पडून दिसतो.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सुरू ठेवा. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप साठवलं जातं. फोटोवर ठिकाण छापून देणारी अॅपही चालतील, पण मूळ फोटोला पर्याय नाही.

आणि इथेच बहुतेकांची माहिती हरवते. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि आतली ही माहिती निघून जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल तशीच जाते. म्हणून मूळ फोटो फोनमधून डिलीट करू नका.

सरकारी मदतीसाठी पंचनामा होतो. तो तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. पदांची नावं आता बदलली असली तरी गावात हीच नावं चालतात. आपत्ती निवारण निधीतून मदतीसाठी पिकाचं किमान ३३ टक्के नुकसान झालेलं असावं लागतं. आधी ही मर्यादा ५० टक्के होती, २०१५ मध्ये ती कमी झाली. तुमचा फोटो पंचनाम्याची जागा घेत नाही. पण पंचनामा होईपर्यंत गारा वितळलेल्या असतात, रान वाळलेलं असतं. तेव्हा ‘त्या दिवशी असं होतं’ हे दाखवायला तोच हाताशी असतो.

पीक विम्याबद्दल एक खबरदारी. ‘७२ तासांच्या आत कंपनीला कळवा’ अशा पोस्ट दरवर्षी फिरतात. स्थानिक आपत्तीसाठी ती अट होती, पण २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर ठरते. त्यामुळे जुनी पोस्ट न पाहता, चालू हंगामाचा नियम कृषी कार्यालयात विचारा.

पुढे पाठवण्याआधी एक मिनिट

जुना फोटो ओळखायचा असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून बघा. शोधताना एक गोष्ट विसरू नका. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. त्याआधीच्या गारपिटीच्या बातम्या आणि फोटो ‘औरंगाबाद’ या नावाने सापडतील.

एआयची चित्रंही आता येणारच. ‘बीबी का मकबऱ्यावर बर्फ’ असं एका वाक्यात सांगितलं की चित्र तयार होतं आणि वास्तू मुळातच पांढरी असल्याने ते पटकन पटतंही. अशा वेळी तपशील पाहा. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार नीट आहेत का? पाटीवरची अक्षरं वाचता येतात का? त्याच दिवशी त्याच जागेचा दुसऱ्या कुणी काढलेला फोटो आहे का? खऱ्या घटनेचे फोटो अनेकांनी अनेक बाजूंनी काढलेले असतात.

आणि तुमचा स्वतःचा फोटो टाकताना खाली एवढं लिहा : गाव, तालुका, तारीख, वेळ, गारा किती मिनिटं पडल्या आणि सर्वात मोठी गार नाण्याच्या तुलनेत केवढी होती. कुणाच्या शेतातला फोटो असेल तर आधी त्यांना विचारा. रडणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांच्या परवानगीशिवाय टाकू नका.

‘काश्मीर झालं’ हे लिहायला हरकत नाही, शहरात राहणाऱ्याला ते दृश्य नवलाचं वाटणारच. फक्त त्याच्या जोडीला ही एक ओळ असू द्या. शेजारच्या तालुक्यातला शेतकरी तुमची पोस्ट पाहील, तेव्हा त्याला त्यातून काहीतरी कामाचं मिळेल.